पेलेटची शेगडी धूर का सोडते?

धूर म्हणजे जळायचं राहिलेलं सरपण. शेगडीतून धूर निघतो तेव्हा पैसे मोजून आणलेलं इंधन भांड्याखाली जळण्याऐवजी खोलीत पसरत असतं, आणि तिथून डोळ्यांत नि छातीत जात असतं. चुलीचा धूर आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या सोसला, कारण हाताशी दुसरं काही नव्हतं. पेलेटची शेगडी मात्र धूर नको म्हणूनच घरात आलेली असते. ती धुरायला लागली की तिच्यावरचा विश्वास उडतो आणि ती माळ्यावर जाऊन पडते. माझं स्पष्ट मत आहे की अशा पुष्कळ शेगड्या बिघडलेल्या नसतात. धूर कुठून येतो आणि नेमका केव्हा येतो, एवढं लक्ष देऊन पाहिलं तर दोष घरच्या घरी सापडतो.

हुमनाबाद तालुक्यातलं आपलं दुबलगुंडी आणि बीदर-कलबुर्गीच्या शिवेवरचा सगळाच टापू तुरीचा. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तूर झोडून झाली की रानात तुराट्या उरतात. सोयाबीनचं भुसकट, हरभऱ्याचं काड, उसाची चिपाडं हेही भरपूर. गॅसची टाकी घरात असली तरी आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबवण, लग्नकार्याचा स्वयंपाक यांसाठी तुराट्यांचा भारा अजून सुटलेला नाही. हाच काडीकचरा बारीक करून, वाळवून, पोलादी साच्याच्या भोकांतून जोरानं दाबला की ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या कांड्या निघतात. त्याच पेलेट. त्यांत डिंक किंवा खळ घालावी लागत नाही. काडीत मुळातच असलेलं लिग्निन दाबाच्या उष्णतेनं मऊ होतं आणि थंड झाल्यावर सगळं घट्ट धरून ठेवतं.

घरगुती पेलेट शेगडीचा मोठा प्रयोग आपल्याच भागात झालेला आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंख्यावर चालणाऱ्या गॅसिफायर शेगडीचं शास्त्र बसवलं. त्यातून २००६ च्या सुमारास ‘ऊर्जा’ नावाची शेगडी बाजारात आली. आधी बीपी ही तेलकंपनी तिच्यामागं होती, पुढं पुण्याच्या फर्स्ट एनर्जीनं काम चालवलं. २०१० साली ‘करंट सायन्स’मध्ये मुकुंद आणि सहकाऱ्यांनी लिहिलं तेव्हा चार राज्यांत मिळून चार लाखांहून जास्त शेगड्या आणि तीन कोटी किलो पेलेट विकले गेले होते. कर्नाटक आणि महाराष्ट्र हे तिचे मुख्य प्रदेश. मिनिटाला सुमारे १२ ग्रॅम पेलेट जाळायचे, एका भरणीत तासभर ज्योत, आणि योग्य भांडं असेल तर निम्म्यापर्यंत उष्णता थेट पाण्यात. साध्या तीन दगडांच्या चुलीला यातलं काही जमत नाही. पुढं पेलेटचे भाव चढले आणि घरांतला वापर ओसरला. ज्यांना कांड्या स्वस्त मिळतात त्यांच्याकडं मात्र या जातीच्या शेगड्या आजही आहेत.

आता तिच्या पोटात काय चालतं ते पाहू, कारण धुराचा उगम तिथंच आहे. काडी कधी सरळ जळत नाही. ती अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापली की तिच्यातून वायू आणि डांबराची वाफ सुटते. वजनाच्या हिशेबानं काडीचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग असा उडून जातो आणि मागं कोळसा राहतो. आपण ज्योत म्हणतो ती या वायूची असते. वायूला तापलेल्या जागी पुरेशी हवा मिळाली तर तो पूर्ण जळतो. हवा कमी पडली किंवा जागा थंड असली तर त्याचे बारीक थेंब आणि काजळी बनते. तोच धूर.

पेलेटची शेगडी हे काम दोन टप्प्यांत करते. डबा कांड्यांनी भरायचा आणि वरून पेटवायचा. जाळीखालून पंखा थोडीशी हवा देतो, तिच्यावर वरचा थर धुमसून वायू सोडतो. डब्याच्या वरच्या काठाला भोकांची एक रांग असते. तिथून पंख्याचीच जास्तीची हवा जोरात आत येते आणि तो वायू तिथल्या तिथं जाळून टाकते. खालची हवा वायू तयार करायला, वरची हवा तो जाळायला. या दोन हवांचा मेळ जिथं चुकतो तिथून धूर निघतो.

म्हणून पहिला प्रश्न वेळेचा. पेटवताना मिनिटभर धूर येणं स्वाभाविक आहे, कारण वायू सुटायला लागलेला असतो पण काठ अजून तापलेला नसतो. तो तीन-चार मिनिटांनंतरही थांबत नसेल तर पेटवण्यात चूक आहे. पुष्कळजण सवयीनं चुलीसारखं खालून पेटवतात, नाहीतर मधोमध कागदाचा बोळा खुपसतात. तुराटीच्या बोटभर वाळक्या काड्या वरच्या थरावर सगळीकडं पसराव्यात, त्यांवर चमचाभर गोडेतेल शिंपडून पेटवावं आणि पंखा अगदी मंद ठेवावा. वरचा थर सगळीकडून पेटला की पंखा वाढवावा. सुरुवातीलाच पंखा जोरात सोडला तर कोवळी ज्योत विझते आणि वायू मात्र सुटत राहतो. मग दाट पांढरा धूर उठतो. रॉकेल किंवा पेट्रोल ओतून ही घाई कधीच करू नये.

पांढरा किंवा पिवळट धूर म्हणजे वायू सुटतोय आणि ज्योत नाही. काळा धूर म्हणजे ज्योत आहे, पण तिचा श्वास कोंडतोय. धुराचा रंग पाहायची सवय लागली की अर्धं निदान तिथंच होतं. शिजत असताना मध्येच पांढरा लोट आला तर पंखा बंद न करता जळता कागद चिमट्यानं काठाशी धरावा. ज्योत पुन्हा धरते आणि धूर क्षणात गायब होतो.

गेल्या पावसाळ्यात इथल्याच एका घरी अशी धुरणारी शेगडी पाहायला गेलो होतो. घरच्या आक्का वैतागल्या होत्या. “पंखा फिरतोय की वो, मग धूर कशानं?” त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. शेगडीत खोट काही दिसेना. पेलेटचं पोतं कुठं ठेवलंय म्हणून विचारलं, तर ते मोरीशेजारी, शहाबादी फरशीवर, भिंतीला टेकवून उभं होतं. वरच्या कांड्या बोटात धरून मोडल्या की कट्कन तुटत होत्या. हात खाली घातला तसा तळाशी ओलसर भुसा लागला. कांड्या फुगून, उकलून त्यांचं पीठ झालं होतं. आदल्याच आठवड्यात पोतं निम्म्याच्या खाली गेलं होतं, आणि धूर तेव्हापासूनचाच.

ओल नेमकं काय करते हे समजून घेण्यासारखं आहे. किलोभर पेलेटमध्ये पाचवा हिस्सा पाणी असलं तरी ते उडवायला इंधनातली जेमतेम चार टक्के उष्णता खर्च होते. हिशेबानं नुकसान मोठं नाही. खरा घात वेगळा आहे. पाण्याची वाफ नेमकी ज्योतीच्या जागी येते, तिथलं तापमान उतरवते, आणि वायू पेट घेण्याइतका गरमच होत नाही. त्यात पीठ झालेल्या कांड्या जाळीवर लिंपल्यासारख्या बसतात आणि खालून हवा वर येऊ देत नाहीत. एकाच ओलीनं दोन्ही हवांचा मेळ मोडतो. चांगल्या पेलेटमध्ये ओलावा दहा टक्क्यांच्या आत असावा. तपासायला यंत्र नको. कांडी मोडून पाहावी, आवाज करून तुटली तर कोरडी. पेलाभर पाण्यात टाकली तर घट्ट दाबलेली कांडी लगेच तळाला जाते, तरंगणारी कांडी सैल असते. पोतं लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावं आणि रोजच्या कांड्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून घ्याव्यात. तळाचा भुसा शेगडीत कधी घालू नये, तो परसातल्या चुलीला द्यावा.

भरणीतही एक चूक सर्रास होते. जास्त वेळ चालावी म्हणून डबा काठोकाठ भरतात. कांड्या वरच्या भोकांच्याही वर गेल्या की वायू त्या भोकांच्या वर सुटतो आणि जाळणारी हवा त्याच्या खाली राहते. कितीही चांगला पंखा असो, धूर येणारच. भरणी भोकांच्या दोन बोटं खाली थांबली पाहिजे. मध्येच मूठभर कांड्या टाकण्याचंही तसंच. लालभडक कोळशावर थंड कांड्या पडतात, त्यांतून एकदम वायू सुटतो आणि वर ज्योत नसेल तर घर धुरानं भरतं. स्वयंपाक मोठा असेल तर एक भरणी संपवून, राख काढून दुसरी भरावी. चुलीत लाकूड सारायची हाताला सवय असलेल्या बाईला हे जाचक वाटतं, ते मला मान्य आहे. भाकरी फुगवायला निखाऱ्याची तोंडाशी जागा लागते, तीही या शेगडीला नाही. तिच्या या उणिवा खऱ्या आहेत, आणि विकणाऱ्यानं त्या आधीच सांगायला हव्यात.

राखेचं पाहू. लाकडाच्या भुशाच्या पेलेटची राख शेकडा एकाच्या आसपास किंवा कमी असते. शेतातल्या काडीकचऱ्याची जास्त, भाताच्या तुसाची तर पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय पिकाच्या काडीत पोटॅश असतं आणि सोबत रानातली माती येते. त्यानं राख कमी उष्णतेला वितळते आणि जाळीवर काचेसारखे कडक खडे जमतात. जाळीची भोकं बुजली की खालची हवा अडते, वायू कमी आणि अडखळत सुटतो, ज्योत सारखी विझू लागते. दर भरणीनंतर शेगडी थंड झाल्यावर उलटी करून झाडावी आणि खिळ्यानं एकेक भोक मोकळं करावं. राख काढायला दोन मिनिटं लागतात, आणि बहुतेक तक्रारी इथंच मिटतात.

पंखा फिरतोय म्हणजे हवा जातेय असं नसतं. तो एवढासा, दीड-दोन वॉटचा, बॅटरीवरचा. शेगडीशेजारीच परात मांडून ज्वारीचं पीठ मळलं जातं आणि पिठाची धूळ पंख्याच्या जाळीत ओढली जाते. पात्यांवर पिठाचा करडा थर चढतो. वरून कोळ्याचं जाळं. आवाज नेहमीसारखा येतो, हवा मात्र निम्मी झालेली असते. रिकाम्या थंड शेगडीत पंखा पूर्ण सोडून वरच्या भोकांशी उदबत्ती फिरवावी. प्रत्येक भोकासमोर धुराची रेघ आतल्या बाजूला ढकलली गेली पाहिजे. एखाद्या बाजूला ती सरळ वर जात असेल तर तिथली वाट तुंबली आहे. बॅटरी जुनी झाली की सुरुवातीची दहा मिनिटं पंखा जोरात चालतो आणि मग दम टाकतो, अशा वेळी धूरही बरोबर दहा मिनिटांनी सुरू होतो. भारनियमनाच्या गावात चार्जिंग अर्धवट राहतं, हेही ध्यानात घ्यावं. आणि कांड्या जळत असताना पंखा बंद करायचा नाही. आतला तप्त वायू हवेच्या भोकांतून उलटा येतो, खालून धूर सोडतो आणि पंख्याचं प्लास्टिकही वितळवतो.

एवढं करूनही बुडातून किंवा अंगातून धूर येत असेल तर मग गळती शोधावी. रात्री दिवे घालवून थंड शेगडीच्या आत मोबाइलचा टॉर्च लावून ठेवावा आणि बाहेरून सगळीकडून पाहावं. आतल्या मातीच्या अस्तराला तडा असेल, सांध्याचा रिव्हेट सुटला असेल, तर उजेडाची बारीक रेघ दिसते. तडा भट्टीच्या अग्निमातीनं भरावा आणि दोन दिवस वाळू द्यावा. नळाला लावायची लांबी किंवा साधं सिमेंट इथं चालत नाही. लांबी उष्णतेनं जळून विषारी वाफ सोडते आणि सिमेंट तडकून पडतं. भांड्याकडंही पाहावं. फार रुंद बुडाचं पातेलं शेगडीच्या तोंडावर झाकणासारखं बसलं तर जळालेला वायू बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ज्योत थंड बुडावर आपटून काजळी धरते. पातेलं उचलल्याबरोबर धूर थांबत असेल तर दोष पातेल्याच्या आकाराचा. भांडं टेकवायचे खूर उंच असलेली कडी मिळते, ती बसवावी.

अमेरिकेत, कॅनडात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांकडं पेलेटची शेगडी असते ती निराळी. ती खोली तापवण्यासाठी, भिंतीतून बाहेर नळी काढलेली. १९८० च्या दशकात तिकडं तिचा प्रसार झाला. पेलेट एका टाकीतून मळसूत्रानं आपोआप आगीत पडतात. तिचा पंखा हवा ओढणारा असतो. आगीच्या पेटीतून धूर ओढून तो नळीत ढकलतो. त्यामुळं पेटीत दाब कमी असतो आणि नळीत जास्त. दाराच्या कडेला भेग असेल तर खोलीतली हवा आत जाते, ज्योत पिवळी, मंद होते, काच काळी पडते. धूर खोलीत येतो तो बहुतेक नळीच्या सांध्यातून. दाराची कड तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावावं. पट्टी सहज ओढली गेली तर काचतंतूंचा दोर बदलायला झालाय. सांध्याजवळ उदबत्तीचा धूर थरथरला तर उष्णता सोसणारं सिलिकॉन लावावं. आणि स्वयंपाकघराचा धूर ओढणारा पंखा चालू असताना शेगडीच्या नळीतून धूर मागं येतो का, ते मुद्दाम पाहावं. बंद घरातली हवा तो पंखा बाहेर काढतो आणि त्या जागी नवी हवा नळीवाटेच आत शिरते. वीज अचानक गेली तरी धूर असाच मागं येतो, म्हणून नळीचा काही भाग उभा आणि उंच ठेवतात. उभ्या नळीतली गरम हवा पंख्याशिवायही वर जाते.

धुराडं असलेल्या आपल्याकडच्या मोठ्या शेगड्यांनाही हाच नियम लागू. धुराड्याची ओढ त्याच्या उंचीवर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकावर ठरते. पत्र्याच्या खाली थांबलेलं धुराडं वारा सुटला की उलटं वाहतं. १९८३-८४ पासून २००२ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. धुराडं झाडायला, फुटलेली नळी बदलायला मागं कुणी नसल्यानं त्यांतल्या कितीतरी चुली पुन्हा धुरू लागल्या. वस्तू वाटून झाल्यावर तिची देखभाल कुणाची, हा प्रश्न तेव्हा सुटला नाही. पेलेट शेगडीच्या बाबतीतही तो तसाच उभा आहे. भारतीय मानक ब्युरोच्या २०१३ च्या मानकात पंख्याच्या शेगडीला किमान ३५ टक्के कार्यक्षमता आणि धुरातल्या सूक्ष्म कणांची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. ते आकडे नवी, स्वच्छ, कोरड्या कांड्यांवरची शेगडी देते. पीठ बसलेल्या पंख्याची शेगडी देत नाही.

धूर थांबला म्हणजे धोका टळला, असं मात्र समजू नका. भरणी संपत आली की ज्योत बसते, कोळसा लाल दिसतो, धूर अजिबात नसतो, आणि नेमका तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि शरीराला प्राणवायू मिळू देत नाही. मार्गशीर्ष-पौषात बीदरच्या पठारावर पहाटेची थंडी बोचरी असते. शिजवून झाल्यावर तो लाल कोळसा उबेला म्हणून झोपायच्या खोलीत नेला जातो, दार-खिडकी लावली जाते. जुन्या माळवदाच्या घरांना साणं होतं, कोंडलेला वायू त्यातून वर जात असे. स्लॅबच्या खोलीला ती सोय नाही. घरगुती इंधनाच्या प्रदूषित हवेमुळं २०२० साली जगात ३२ लाख माणसं दगावली, असं जागतिक आरोग्य संघटनेचं अनुमान आहे. त्यांतले बहुतेक मृत्यू वर्षानुवर्षांच्या धुरानं छाती-हृदय खराब होऊन झालेले. बंद खोलीतला कोळसा तेच काम एका रात्रीत करतो.

म्हणून सर्वांना कळकळीनं सांगणं आहे. शेगडी चालू असताना समोरासमोरची दोन दारं किंवा एक दार आणि एक खिडकी उघडी ठेवा. उरलेला कोळसा अंगणात नेऊन पाण्यानं पूर्ण विझवा, झोपायच्या खोलीत नेऊ नका. खोलीत कुणाचं डोकं जड झालं, मळमळलं, गरगरलं, किंवा लेकरू अकारण सुस्त पडलं, तर ते पित्त असेल म्हणून वाट पाहू नका. आधी सगळ्यांना उघड्यावर आणा, दवाखाना गाठा. शेगडी मागाहून तपासता येते.